मेकॅनिकलचं कॉलेज निवडताना पगार आणि कर्जाचा ताळा

मार्चअखेरीपर्यंत बहुतेक कॉलेजांची उत्तरं येऊन पडतात आणि १ मेपर्यंत एकाला होकार कळवायचा असतो. मधल्या चार-पाच आठवड्यांत अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये रँकिंगवर चर्चा होते, कॅम्पसवर होते, ओळखीतल्या कुणाची मुलगी कुठे गेली यावर तर होतेच. पैशांचा विषय मात्र "बघू, होईल काहीतरी" इथे येऊन थांबतो. यात आईवडिलांचा फारसा दोष नाही. आपल्यातले बरेच जण इथे मास्टर्सला आलेले, असिस्टंटशिप मिळवून निभावून नेलेले. अंडरग्रॅडचा खर्च, त्याची कर्जं आणि त्या कर्जांचे नियम हा आपल्यालाही नवाच प्रांत आहे. मेकॅनिकल इंजिनिअरिंग घ्यायचं पक्कं झालंय, दोन-चार कॉलेजांचे होकार हातात आहेत आणि आता त्यातलं एक निवडायचंय, अशा घरांसाठी हा लेख आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मेकॅनिकलमध्ये कॉलेज बदललं की पगार बदलतो, पण खर्च त्याहून कितीतरी जास्त बदलतो. त्यामुळे पगाराचे आकडे नीट वाचा, पण निवड करताना जास्त वजन कर्जाच्या बाजूला द्या. कॉम्प्युटर सायन्समध्ये एखाद्या नावाजलेल्या कॉलेजामुळे पहिलाच पगार दीडपट झाल्याची उदाहरणं ऐकू येतात. मेकॅनिकलची नोकरी देणाऱ्या गाड्यांच्या, विमानांच्या, पंप-कॉम्प्रेसरच्या किंवा वैद्यकीय उपकरणांच्या कंपन्यांमध्ये नवख्या इंजिनिअरची पगारश्रेणी बऱ्यापैकी ठरलेली असते. तुमचा पदवीचा कागद कुठला आहे यापेक्षा तुम्ही कुठल्या राज्यात आणि कुठल्या उद्योगात शिरता यावर ती जास्त हलते.

पायरी १ : आकडा कोणत्या नावाखाली आहे ते बघा

सुरुवात कॉलेज स्कोअरकार्डपासून करा. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची ही साइट फुकट आहे आणि २०१५ साली तिला आजचं रूप आलं. आधी तिथे संपूर्ण कॉलेजचा एकच सरासरीवजा आकडा मिळायचा. २०१९ पासून विषयवार कमाई आणि कर्ज दिसू लागलं. तुम्हाला हवा तो हा विषयवार आकडा. संपूर्ण कॉलेजच्या आकड्यात नर्सिंग, इतिहास, संगीत सगळेच मिसळलेले असतात, त्यातून मेकॅनिकलबद्दल काहीही कळत नाही.

आता खरी गोम. सरकारी वर्गवारीत मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा कोड १४.१९ आहे. 'मेकॅनिकल इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' ही वेगळी पदवी आहे आणि तिचा कोड १५.०८ खाली येतो. नावं इतकी सारखी की माहितीपत्रक घाईत वाचणाऱ्याची हमखास फसगत होते. टेक्नॉलॉजीची पदवी वाईट नाही, कारखान्यात प्रत्यक्ष काम करायची आवड असलेल्याला ती छान जमते. पण तिच्यात गणित कमी असतं, डिझाइनच्या काही नोकऱ्यांसाठी ती चालत नाही आणि प्रोफेशनल इंजिनिअरचं लायसन्स काढताना काही राज्यांत अडचण येते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे इंजिनिअरिंगचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची, म्हणजे अ‍ॅबेटची मान्यता. अ‍ॅबेटच्या साइटवर कॉलेज शोधा आणि मान्यता कोणत्या कमिशनची आहे ते वाचा. 'इंजिनिअरिंग अ‍ॅक्रेडिटेशन कमिशन' असेल तर ती आपल्याला अभिप्रेत असलेली पदवी. 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी अ‍ॅक्रेडिटेशन कमिशन' असेल तर ती दुसरी.

उलटाही प्रकार असतो. हार्वे मडसारख्या कॉलेजात 'मेकॅनिकल' नावाची पदवीच नाही, तिथे सरसकट 'इंजिनिअरिंग' अशी पदवी मिळते. असं कॉलेज १४.१९ खाली शोधलं तर काहीच सापडणार नाही. याचा अर्थ तिथले विद्यार्थी मेकॅनिकलच्या नोकऱ्या करत नाहीत असा काढू नका.

पायरी २ : पगाराच्या आकड्यात कोण मोजलंय, कोण नाही

स्कोअरकार्डवरचा पगार टॅक्सच्या नोंदींतून येतो, म्हणजे कुणी फॉर्मवर फुगवून लिहिलेला नसतो. ही त्याची मोठी जमेची बाजू. पण त्यात फक्त ते विद्यार्थी असतात ज्यांनी केंद्र सरकारची ग्रँट किंवा कर्ज घेतलं होतं. ज्यांच्या आईवडिलांनी सगळी फी खिशातून भरली ते त्यात नाहीत. परदेशातून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेले तर नाहीतच, कारण त्यांना ही मदत मिळतच नाही. शिवाय मोजणीच्या वेळी पुढच्या शिक्षणात असलेले वगळलेले असतात. ज्या कॉलेजातली बरीच मुलं लगेच मास्टर्स किंवा पीएचडीला जातात, तिथला आकडा उरलेल्यांचाच असतो.

दुसरं, हा आकडा मध्यक असतो. निम्म्यांचा पगार त्याहून कमी असतो. "आपलं पोरगं काय निम्म्यात येणार आहे का" असं मनात येणं साहजिक आहे, पण हिशेब मध्यकावरच करा. त्यापेक्षा जास्त मिळालं तर कुणाची तक्रार नाही.

तिसरं, तो पदवीनंतर कितव्या वर्षाचा आहे ते पानावर लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करू नका. पदवीनंतर पहिल्या वर्षाचा पगार आणि चार-पाच वर्षांनंतरचा पगार यांत बढतीचा फरक असतो. कामगार खात्याच्या आकडेवारी विभागानुसार मे २०२४ मध्ये देशातल्या सगळ्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या पगाराचा मध्यक १,०२,३२० डॉलर होता. नवी मुलं हा आकडा बघून हुरळतात, पण त्यात पंचवीस वर्षं काम केलेले लोकही आहेत. पहिल्या नोकरीचा अंदाज बांधायला तो उपयोगाचा नाही.

पगार आणि जागा यांचं नातं तर फारच घट्ट. कॅलिफोर्नियातल्या कॉलेजातली मुलं तिथेच नोकरीला लागतात आणि आकडा मोठा दिसतो. ओहायो किंवा इंडियानातली मुलं आसपास राहतात आणि आकडा लहान दिसतो. पण घरभाडं? 'ब्युरो ऑफ इकॉनॉमिक अ‍ॅनालिसिस' दरवर्षी राज्यवार महागाईचा निर्देशांक काढतं, त्यात देशाची सरासरी १०० धरलेली असते. दोन कॉलेजांच्या पगारांना त्या त्या राज्याच्या निर्देशांकाने भागून शंभराने गुणा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि बऱ्याचदा दहा हजारांचा फरक दोन-तीन हजारांवर येतो.

कॉलेजचं करिअर सेंटरही स्वतःचा प्लेसमेंट अहवाल काढतं. तो बघा, पण सरासरी पगाराच्या आधी एक गोष्ट शोधा : किती टक्के पदवीधरांची माहिती त्यांच्याकडे आहे. त्याला ते 'नॉलेज रेट' म्हणतात. शंभरातल्या चाळीसच जणांची माहिती असेल, तर कळवायला उत्साह कुणाला असतो हे वेगळं सांगायला नको. त्या अहवालात पगारापेक्षा उपयोगी भाग म्हणजे कंपन्यांची यादी. फक्त मेकॅनिकलची यादी मागा. तीत डिझाइन, टेस्ट, मॅन्युफॅक्चरिंग अशा जागा किती आणि विक्री किंवा कन्सल्टिंगच्या किती, हे डोळ्यांनी मोजा.

पायरी ३ : कर्जाचा आकडा नेहमी अर्धवट असतो

पगाराच्या शेजारीच कर्जाचा मध्यक दिलेला असतो आणि तो बघून बहुतेकांना हायसं वाटतं. वीस-पंचवीस हजार! एवढंच? एवढंच नाही. तो आकडा विद्यार्थ्याच्या नावावरच्या सरकारी कर्जाचा आहे. बँकेचं खाजगी कर्ज त्यात धरलेलं नाही. आईवडिलांनी घेतलेलं पॅरेंट प्लस हे सरकारी कर्जही त्यात नाही, ते वेगळं दाखवलं जातं. घरावर काढलेलं कर्ज किंवा रिटायरमेंटमधून उचललेले पैसे तर कुठल्याच सरकारी रकान्यात येत नाहीत.

विद्यार्थ्याच्या कर्जाचा आकडा सगळीकडे साधारण सारखा दिसतो त्याचं कारण कायद्यात आहे. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला सरकार पहिल्या वर्षी ५,५००, दुसऱ्या वर्षी ६,५०० आणि पुढे दरवर्षी ७,५०० डॉलरपर्यंतच कर्ज देतं. चार वर्षांचे झाले २७,०००. एकूण कमाल मर्यादा ३१,०००. म्हणजे स्वस्त सरकारी कॉलेज असो की वर्षाला ऐंशी हजारांचं खाजगी, मुलाच्या नावावर सरकारी कर्ज तेवढंच चढतं. वरचा सगळा भार कुटुंबावर येतो आणि तो त्या मध्यकात कधीच दिसत नाही. त्यामुळे दोन कॉलेजांमधल्या कर्जाच्या मध्यकांची तुलना करून फारसं हाती लागत नाही. हिशेब आपला आपणच करायचा.

पायरी ४ : एड लेटर सोलून काढा

कॉलेज जे फायनान्शियल एडचं पत्र पाठवतं, त्यावर "तुमचं एकूण अवॉर्ड" म्हणून एक भरघोस आकडा असतो. त्यात ग्रँट, स्कॉलरशिप, वर्क-स्टडी आणि कर्ज असे चार निरनिराळे प्रकार एकाखाली एक बेरजेला लावलेले असतात. कर्ज हे अवॉर्ड कसं, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो बरोबरच आहे. सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२२ साली अशी पत्रं तपासली, तेव्हा सुमारे ९१ टक्के कॉलेजं खरा निव्वळ खर्च सांगतच नाहीत किंवा कमी करून सांगतात असा अंदाज निघाला.

कागद घ्या आणि प्रत्येक पत्रावरून एकच वजाबाकी करा. ट्यूशन, फी, राहणं, जेवण, पुस्तकं, प्रवास, आरोग्य विमा यांची बेरीज करून त्यातून फक्त परत न करायचे पैसे वजा करा, म्हणजे ग्रँट आणि स्कॉलरशिप. वर्क-स्टडी वजा करू नका. ते पैसे मुलाने काम करून मिळवायचे असतात आणि काम मिळेलच याची खात्री नसते. उरलेला आकडा हा एका वर्षाचा निव्वळ खर्च.

त्यात इंजिनिअरिंगच्या दोन खास गोष्टी मिळवायच्या. अनेक सरकारी विद्यापीठं इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांकडून इतरांपेक्षा जास्त ट्यूशन घेतात. इलिनॉय विद्यापीठ हे त्यातलं ठळक उदाहरण. काही ठिकाणी ही वाढ तिसऱ्या वर्षापासून लागू होते, म्हणजे पहिल्या वर्षाच्या पत्रात ती दिसतच नाही. दुसरी गोष्ट स्कॉलरशिपच्या अटीची. "३.३ जीपीए राखल्यास चार वर्षं" असं लिहिलेलं असतं. हायस्कूलमध्ये सगळे 'ए' मिळवलेल्या मुलाला ही अट किरकोळ वाटते, पण डायनॅमिक्स आणि थर्मोडायनॅमिक्स एकाच सेमिस्टरला आले की भलेभले २.९ वर येतात. एड ऑफिसला फोन करून सरळ विचारा : ही स्कॉलरशिप मिळालेल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांपैकी चौथ्या वर्षापर्यंत किती जणांकडे ती टिकते? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर हिशेबात ती स्कॉलरशिप दोनच वर्षं धरा.

ट्यूशन दरवर्षी वाढणार हेही गृहीत धरा. पर्ड्यूसारखं एखादंच मोठं विद्यापीठ, ज्याने २०१३ पासून ती गोठवून ठेवली आहे.

पायरी ५ : कुठलं कर्ज, कोणाच्या नावावर

चार वर्षांचा निव्वळ खर्च काढला, त्यातून ५२९ खात्यातली (शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या खात्यातली) बचत आणि दरमहा पगारातून भरता येईल तेवढी रक्कम वजा केली की कर्जाची रक्कम उरते. ती कशाने भरायची याचा क्रम ठरलेला आहे.

आधी मुलाच्या नावावरचं सरकारी कर्ज, मर्यादेपर्यंत. २०२५-२६ मध्ये घेतलेल्या अशा कर्जाचा व्याजदर ६.३९ टक्के आहे. दर प्रत्येक शैक्षणिक वर्षाला नव्याने ठरतो, पण एकदा घेतलेल्या कर्जाला शेवटपर्यंत तोच राहतो. याच्यात सबसिडाइज्ड भाग मिळाला तर शिक्षण चालू असेपर्यंत त्याचं व्याज सरकार भरतं. बिनसबसिडीच्या भागावर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. हप्ते नंतर सुरू होतात म्हणून व्याजही नंतर सुरू होतं असा गैरसमज फार पसरलेला आहे.

त्यानंतर पॅरेंट प्लस. हे कर्ज आईवडिलांचं. मुलगा पुढे कितीही कमावता झाला तरी सरकारी कागदावर ते त्याच्या नावावर करता येत नाही. २०२५-२६ चा दर ८.९४ टक्के, शिवाय रक्कम हातात येण्याआधीच ४.२२८ टक्के शुल्क कापलं जातं. दहा हजारांचं कर्ज घेतलंत की कॉलेजला साडेनऊ हजारांच्या आसपास पोचतात आणि व्याज पूर्ण दहा हजारांवर. पूर्वी कॉलेजचा खर्च असेल तितकं हे कर्ज मिळायचं. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने ते बदललं. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना एका विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलर हीच कमाल मर्यादा.

या मर्यादेमुळे महागड्या कॉलेजसाठी आता बरीच कुटुंबं खाजगी कर्जाकडे वळतील. तिथे मुलाबरोबर आईवडिलांना सही करावी लागते, दर तुमच्या क्रेडिट स्कोअरवर ठरतो आणि अडचणीच्या काळात सरकारी कर्जासारखी सवलत मिळेलच असं नाही. बदलत्या दराचं खाजगी कर्ज सुरुवातीला स्वस्त दिसतं. चार वर्षं शिक्षण आणि त्यापुढे दहा वर्षं फेड एवढ्या लांबच्या काळासाठी बदलता दर मी तरी घेणार नाही.

पायरी ६ : हप्ता काढा आणि पगाराशेजारी ठेवा

एक आकडा पाठ करून ठेवा. ६.३९ टक्के दराने दहा वर्षांत फेडायचं असेल तर दर दहा हजार डॉलरला महिन्याला सुमारे ११३ डॉलर हप्ता पडतो. ८.९४ टक्क्यांना तोच १२६ होतो. बाकी सगळं तोंडी गुणाकाराचं काम.

मुलाच्या नावावरच्या २७,००० च्या सरकारी कर्जाला दहा वर्षांचा हप्ता झाला साधारण ३०५ डॉलर. नव्या कायद्याप्रमाणे मात्र १ जुलै २०२६ नंतर कर्ज घेणाऱ्यांना मुदत रकमेवरून मिळते. २५ हजारांपर्यंत दहा वर्षं, त्यापुढे ५० हजारांपर्यंत पंधरा वर्षं. २७,००० पंधरा वर्षांत फेडलं तर हप्ता २३४ वर उतरतो, पण एकूण परतफेड ३६,६०० च्या जागी ४२,००० होते. सरकारी कर्ज मुदतीआधी फेडायला दंड नसतो, तेव्हा मुदत पंधरा वर्षांची मिळाली तरी हप्ता दहा वर्षांचाच भरत राहा. व्याज साचलेलं असेल तर सुरुवातीची रक्कम थोडी जास्त असेल, तेवढं पोटात घाला.

नव्या कायद्यात उत्पन्नावर आधारित हप्त्याची एक योजना आहे, रिपेमेंट असिस्टन्स प्लॅन. ऐकायला ती गोड वाटते. पण ७२,००० पगार असलेल्या इंजिनिअरला तिच्यात उत्पन्नाच्या ७ टक्के, म्हणजे महिन्याला ४२० डॉलर भरावे लागतील. साध्या हप्त्यापेक्षा जास्त! नोकरी गेली किंवा पगार फार कमी असला तरच तिचा आधार. पॅरेंट प्लसच्या नव्या कर्जांना तर ती लागूच नाही.

मग किती कर्ज परवडतं? शिक्षण खात्याने २०१४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी एक निकष लावला होता : वर्षाचे हप्ते वार्षिक पगाराच्या ८ टक्क्यांत बसले पाहिजेत. घरच्या हिशेबाला तो चांगला आहे. अपेक्षित पगार ७२,००० धरला (तुमच्या कॉलेजचा आकडा इथे घाला) तर ८ टक्के म्हणजे ५,७६० वर्षाला, ४८० महिन्याला. उलटा हिशेब केला की कर्जाची मर्यादा येते साडेबेचाळीस हजारांच्या आसपास. यात मुलाचं आणि तुम्ही त्याच्यासाठी काढलेलं अशी दोन्ही कर्जं धरा, कारण कागदावर नाव कुणाचंही असो, चूल बहुधा एकच असते.

आता दोन कॉलेजांची तुलना. समजा पहिलं तुमच्याच राज्यातलं सरकारी विद्यापीठ, निव्वळ खर्च वर्षाला २४,०००. दुसरं दुसऱ्या राज्यातलं खाजगी, ४४,०००, पण त्याच्या मेकॅनिकलचा पगार सहा हजारांनी जास्त. चार वर्षांचा फरक ८०,०००. हे वरचे ऐंशी हजार ९ टक्क्यांच्या आसपास दराने दहा वर्षांत फेडायचे तर वर्षाला साधारण १२,१०० डॉलर लागतील. जास्तीच्या सहा हजार पगारातून टॅक्स गेल्यावर हातात येतील चार हजारांच्या वर थोडे. म्हणजे दुसऱ्या कॉलेजात गेल्यामुळे दहा वर्षं दरवर्षी आठ हजारांचा खड्डा, आणि तोही तो सहा हजारांचा फरक महागाईचा निर्देशांक लावल्यावरही शिल्लक राहिला तर. बचतीतून भरलंत तरी गणित फार बदलत नाही. ते ऐंशी हजार दुसरीकडे काहीतरी कमावत होतेच.

याच उदाहरणात पगाराचा फरक वीस हजारांचा असता तर माझं उत्तर वेगळं असतं. पण मेकॅनिकलमध्ये तेवढा फरक दिसला की आधी शंका घ्या. तिथली मुलं मेकॅनिकलची पदवी घेऊन सॉफ्टवेअर किंवा फायनान्समध्ये जात असतील. तुमच्या मुलीला खरोखर मशीन डिझाइन करायचं असेल तर तो पगार तिच्यासाठी नाही.

पायरी ७ : पाचव्या वर्षाची शक्यता मोजा

कॉलेज निवडताना सगळ्यात कमी बोललं जातं ते यावर, आणि सगळ्यात महाग पडतं तेही हेच. मेकॅनिकलचे विषय एकात एक अडकलेले असतात. कॅल्क्युलस आणि फिजिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही. स्टॅटिक्स झाल्याशिवाय डायनॅमिक्स आणि स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्स नाही. ते झाल्याशिवाय मशीन डिझाइन नाही, आणि त्यानंतर शेवटच्या वर्षाचा कॅपस्टोन प्रोजेक्ट. दुसऱ्या रांगेत थर्मो, फ्लुइड्स, हीट ट्रान्स्फर. यातला एखादा विषय लहान विभागात वर्षातून एकदाच शिकवला जातो. स्टॅटिक्समध्ये 'डी' आला आणि पुढचा वर्ग थेट वर्षभराने असला, तर पदवी वर्षभर पुढे ढकलली गेली.

त्या एका वर्षाची किंमत काय? स्वस्त कॉलेजातसुद्धा २४,००० खर्च, अधिक न मिळालेला ७२,००० पगार. शिवाय सरकारी कर्जाच्या एकूण मर्यादेतले २७,००० संपलेले असल्याने पाचव्या वर्षी मुलाच्या नावावर जेमतेम ४,००० मिळतील. स्कॉलरशिप तर बहुतेक ठिकाणी चार वर्षांनी संपतेच.

म्हणून कॉलेज नॅव्हिगेटर या सरकारी साइटवर जाऊन चार वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचा दर बघा. जाहिरातीत सहसा सहा वर्षांचा दर झळकत असतो. चार आणि सहा वर्षांच्या दरांत मोठी दरी असेल तर मेकॅनिकल विभागाला दोन प्रश्न विचारा : स्टॅटिक्स, थर्मो आणि फ्लुइड्स वर्षातून किती वेळा शिकवता? उन्हाळ्यात यातलं काय असतं? विभागाच्या साइटवर विषयांचा तक्ता असतो. बाण काढलेला तो तक्ता मुलासमोर ठेवून एक विषय खोडून दाखवा आणि पुढचे किती अडतात ते त्यालाच मोजू द्या.

प्रवेश थेट मेकॅनिकलला मिळालाय का, हेही इथेच तपासा. पर्ड्यू किंवा टेक्सस ए अँड एमसारख्या ठिकाणी पहिलं वर्ष सगळ्या इंजिनिअरिंगला सामाईक असतं आणि शाखा नंतर गुणांवर मिळते. मेकॅनिकलच मिळेल हे गृहीत धरू नका.

को-ऑप असलेल्या कॉलेजांना पाचव्या वर्षाचा हा नियम तसाच लावू नका. सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ साली सुरू झालेली ही पद्धत : काही सेमिस्टर शिकायचं, काही सेमिस्टर कंपनीत पगारी काम करायचं. पाच वर्षं लागतात, पण कामाच्या सेमिस्टरला सहसा ट्यूशन नसते आणि पगार मिळतो. मेकॅनिकलला ही पद्धत विशेष मानवते, कारण कारखान्यात सहा महिने काढलेल्या मुलाला पहिल्या मुलाखतीत बोलायला काहीतरी असतं. फक्त कामाच्या सेमिस्टरला फी किती, ते लेखी मागून घ्या.

मूल एच-४ वर असेल तर

आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी आहे आणि वरच्या निम्म्या हिशेबावर तो पाणी फिरवतो. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरातली मुलं इथेच वाढलेली असली तरी एच-४ वर (नोकरीचा एच-१बी व्हिसा असलेल्यांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) असतील तर त्यांना केंद्र सरकारची ग्रँट किंवा कर्ज मिळत नाही. म्हणजे ते ६.३९ टक्क्यांचं कर्ज तुमच्यासाठी नाही. इन-स्टेट ट्यूशन (राज्यातल्या रहिवाशांसाठीची कमी फी) मिळते की नाही हे राज्यागणिक बदलतं, म्हणून ते विद्यापीठाच्या रेसिडेन्सी ऑफिसकडूनच लेखी घ्या, कुणाच्या सांगोवांगीवर जाऊ नका.

एकविसाव्या वर्षी एच-४ संपतो आणि बहुतेक मुलं एफ-१ वर जातात. ते कधी करायचं याचा विचार मेकॅनिकलला लवकर करावा लागतो, कारण एच-४ वर पगारी इंटर्नशिप करता येत नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप हीच पहिल्या नोकरीची वाट असते. एफ-१ वर ती करता येते, पण साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर. पदवीनंतर एफ-१ वाल्यांना बारा महिने ओपीटी (नोकरी करण्याची परवानगी) आणि इंजिनिअरिंग असल्याने आणखी चोवीस महिने मिळतात. त्यानंतर एच-१बीची सोडत.

शिवाय विमानं, क्षेपणास्त्रं, उपग्रह, पाणबुड्या बनवणाऱ्या कंपन्या मेकॅनिकलच्या मोठ्या नोकरदात्या आहेत. निर्यात नियंत्रणाच्या नियमांमुळे तिथे बहुतेक जागांना नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, आणि सिक्युरिटी क्लिअरन्स असलेल्या जागांना नागरिकत्वच. एखाद्या कॉलेजच्या प्लेसमेंट यादीत याच कंपन्या भरलेल्या असतील तर तो मध्यक पगार तुमच्या मुलाला लागू नाही. अशा घरांनी कर्जाची मर्यादा ८ टक्क्यांऐवजी ५ टक्क्यांवर ठेवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

होकार कळवण्याआधी

आलेली ऑफर ही शेवटची नसते. पहिल्या पसंतीच्या कॉलेजला दुसऱ्या कॉलेजचं पत्र जोडून विनंती करता येते, विशेषतः खाजगी कॉलेजांत. नोकरी गेली, आजारपण आलं, उत्पन्न घटलं असं काही एफएएफएसए (सरकारी मदतीचा अर्ज) भरल्यानंतर घडलं असेल तर एड ऑफिसला कागदपत्रांसह कळवा. परिस्थिती पाहून आकडे बदलण्याचा अधिकार कायद्याने त्यांना दिलेला आहे. पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावं, एका पानाचं, किती रक्कम कमी पडते तो आकडा स्पष्ट घालून. हे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत पाठवलं तर उत्तर १ मेच्या आत हातात येण्याची शक्यता बरी असते.